सर्वांसाठी मोकळी जागा : शिकागोच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूची गोष्ट

शिकागो हे नाव आपल्याकडे पोहोचले ते १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे. ही परिषद ज्या इमारतीत भरली ती इमारत आजही उभी आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. ती मिशिगन अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रुंद रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या पश्चिमेला जवळपास दोन किलोमीटर अंतरापर्यंत जुन्या, भव्य इमारतींची सलग रांग आहे. पूर्वेला ग्रँट पार्क हे तीनशे एकरांहून मोठे उद्यान आणि त्यापलीकडे मिशिगन सरोवर आहे. २७ फेब्रुवारी २००२ रोजी शिकागो शहराने हा पट्टा ‘हिस्टॉरिक मिशिगन बुलेव्हार्ड डिस्ट्रिक्ट’ या नावाने वारसा क्षेत्र म्हणून जाहीर केला.

मोठ्या शहराच्या अगदी मध्यभागी, जिथे जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला असतो, तिथे रस्त्याची एक बाजू मोकळी कशी राहिली? कोणाच्या कृपेने राहिली का? की कोणी भांडले म्हणून राहिली? आणि ‘सर्वांसाठी’ असे लिहिलेली जागा खरोखर सर्वांची झाली का? हे प्रश्न आपल्या समाजाला नवे नाहीत. म्हणून आज आम्ही या रस्त्याची गोष्ट समजावून सांगणार आहोत.

नकाशावरची एक ओळ

गोष्ट सुरू होते १८३६ मध्ये. तेव्हा शिकागो ही दलदलीतली लहानशी वस्ती होती. इलिनॉय नदी आणि मिशिगन सरोवर जोडणारा कालवा खणायचा होता आणि त्यासाठी पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी कालव्याच्या आयुक्तांनी सरोवराकाठची जमीन भूखंड पाडून विकायला काढली. विक्रीसाठी नकाशा तयार झाला. मिशिगन अ‍ॅव्हेन्यू आणि पाणी यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरली होती, तिच्यावर त्यांनी एक ओळ लिहून ठेवली. ओळीचा अर्थ असा : ही सार्वजनिक जागा आहे, ती कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा कोणताही अडथळा उभा राहणार नाही.

त्या वेळी या ओळीला फार कोणी महत्त्व दिले नसावे. पट्टी अरुंद होती आणि लाटा तिला रोज खात होत्या. १८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली. कंपनीने लाटा अडवणारा बांध घालायचा आणि त्या बदल्यात पाण्यात खांब रोवून त्यावरून रूळ न्यायचे, असा व्यवहार ठरला. रस्ता आणि रूळ यांच्यामध्ये साचलेल्या पाण्याचे तळे झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोत प्रचंड आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. जळालेल्या घरांच्या विटा, राख, मोडके सामान याच तळ्यात आणून टाकले गेले. पुढे भराव वाढत गेला. आज ज्या हिरवळीवर लोक बसतात, तिच्या पोटात जळालेले शहर आहे. आधी ‘लेक पार्क’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेला १९०१ मध्ये ‘ग्रँट पार्क’ हे नाव मिळाले.

जमीन वाढली तशी तिच्यावरची नजरही वाढली. १८९० च्या सुमारास इथे तबेले होते, शेड होत्या, कचऱ्याचे ढीग होते. नकाशावरची ओळ कायम होती, पण ती पाळायला लावणारे कोणी नव्हते.

एका व्यापाऱ्याचे वीस वर्षांचे खटले

ही ओळ न्यायालयात नेली अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी. वॉर्ड हे व्यापारी होते. १८७२ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांना टपालाने माल पोहोचवण्याचा धंदा सुरू केला आणि त्यात खूप पैसा मिळवला. त्यांच्या कंपनीची इमारत मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, या जागेसमोरच होती. १८९० मध्ये त्यांनी शहरावर पहिला दावा लावला. मागणी साधी होती : जागेवरचे अडथळे हटवा आणि पुढे तिथे काही बांधू नका.

त्यांचा कायदेशीर मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरचे भूखंड ज्यांनी विकत घेतले, त्यांनी तो नकाशा पाहून घेतले. समोरची जागा मोकळी राहणार या वचनाची किंमतही त्यांनी भूखंडाच्या भावात मोजली. म्हणजे ते वचन ही नुसती सदिच्छा नव्हती. तो व्यवहाराचा भाग होता, आणि समोरच्या प्रत्येक मालकाला त्याची अंमलबजावणी मागण्याचा हक्क होता.

इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये वॉर्ड यांचे म्हणणे मान्य केले. पण प्रश्न तिथे मिटला नाही. दरवेळी नवी योजना पुढे यायची आणि दरवेळी वॉर्ड न्यायालयात जायचे. १८९७, १९०२, १९०९ आणि १९११ असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे चार निकाल या वादातून आले.

यातला सर्वांत गाजलेला वाद एका संग्रहालयाचा होता. मार्शल फील्ड या धनाढ्य दुकानदाराने १९०६ मध्ये मृत्युपत्राने संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवले. ते संग्रहालय ग्रँट पार्कच्या मध्यभागी बांधावे, असे शहरातल्या बड्या लोकांना वाटत होते. नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्या १९०९ च्या प्रसिद्ध ‘प्लॅन ऑफ शिकागो’मध्येही ते तिथेच दाखवले होते. संग्रहालय म्हणजे ज्ञानाचे काम, त्याला विरोध करणारा माणूस शहराचा शत्रू, असे वर्तमानपत्रे लिहू लागली. वॉर्ड मागे हटले नाहीत. न्यायालयाने १९०९ मध्ये सांगितले की भराव टाकून वाढलेल्या जमिनीलाही मूळ वचन लागू आहे. मग उद्यान मंडळाने शेजारच्या मालकांचा हक्कच सक्तीने संपादित करून पाहिला. १९११ च्या निकालाने तोही मार्ग बंद केला. शेवटी फील्ड म्युझियम दक्षिणेला, या बंधनाबाहेरच्या नव्या भरावावर बांधले गेले आणि १९२१ मध्ये खुले झाले. वॉर्ड ते पाहायला नव्हते. १९१३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

वॉर्ड मुलाखती फारशा देत नसत. १९०९ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना मात्र त्यांनी सांगितले की आपण शिकागोच्या गरिबांसाठी लढलो, लक्षाधीशांसाठी नाही. त्यांच्या मनात काय होते याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. त्यांच्या स्वतःच्या इमारतीसमोरचे दृश्यही या लढ्यात वाचले, हे खरे आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्यांना होता तो समोरच्या जमिनीचे मालक म्हणून. त्या हिरवळीवर रविवारी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या मजुराच्या हातात असा कागद नव्हता. सर्वांची जागा वाचली, पण ती वाचवण्याचे कायदेशीर हत्यार मोजक्या लोकांकडेच होते.

इमारतींची भिंत कशी उभी राहिली

समोर कोणी काही बांधू शकत नाही, हे नक्की झाल्यावर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या भूखंडांचे मोल वाढले. उजेड, वारा आणि सरोवराचे दृश्य तिथे कायमचे मिळणार होते. म्हणून शहरातल्या मोठ्या संस्था, हॉटेले, क्लब आणि कंपन्या इथे येऊ लागल्या. एका बाजूची रिकामी जागा आणि दुसऱ्या बाजूची भरगच्च रांग ही अशी एकाच हक्काची दोन फळे आहेत.

१८८९ मध्ये ऑडिटोरियम बिल्डिंग उभी राहिली. तिचे वास्तुविशारद डँकमार अ‍ॅडलर आणि लुई सलिव्हन. शेजारची फाइन आर्ट्स बिल्डिंग १८८५ मध्ये स्टुडबेकर कंपनीच्या घोडागाड्यांसाठी बांधली होती, १८९८ मध्ये तिचे कलावंतांच्या खोल्यांत रूपांतर झाले. १८९७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत झाली. आज ती शिकागो कल्चरल सेंटर म्हणून ओळखली जाते आणि तिच्यातला रंगीत काचांचा प्रचंड घुमट विनामूल्य पाहता येतो. १९०४ मध्ये ऑर्केस्ट्रा हॉल आणि रेल्वे एक्स्चेंज बिल्डिंग, १९१० मध्ये ब्लॅकस्टोन हॉटेल, १९२७ मध्ये तेव्हाचे अवाढव्य स्टीव्हन्स हॉटेल अशी ही रांग भरत गेली.

इमारतींची उंची सारखी का वाटते, यालाही कारण आहे. १८९३ मध्ये शहराने इमारतींना १३० फुटांची मर्यादा घातली आणि १९०२ मध्ये ती २६० फुटांवर नेली. त्या त्या काळच्या इमारती त्या त्या मर्यादेपर्यंत चढल्या. म्हणून उद्यानातून पाहिले की एक सलग भिंत दिसते. वारसा क्षेत्र जाहीर झाल्यामुळे आता इथे पाडकाम, दर्शनी भागातला बदल किंवा नवे बांधकाम करायचे तर शहराच्या वारसा आयोगाची तपासणी पार करावी लागते. नव्याला बंदी मात्र नाही. २००७ मध्ये स्पर्टस या ज्यू शिक्षणसंस्थेने याच रांगेत काचेच्या घड्या घातलेल्या दर्शनी भागाची इमारत बांधली आणि ती जुन्यांच्या शेजारी नीट बसली.

१८९३ : जिथे धम्माचा आवाज घुमला

आता परिषदेच्या इमारतीकडे वळू. ती रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे उद्यानाच्या बाजूला आहे. मग ती बंधनातून कशी सुटली? तिथे १८७३ पासून प्रदर्शनाची एक मोठी इमारत होतीच. ती पाडून कलासंग्रहालयासाठी नवी इमारत बांधताना समोरच्या मालकांची संमती घेण्यात आली. हीच आजची आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो. संग्रहालय आत जाण्याआधी ही नवी इमारत जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरणाऱ्या परिषदांना दिली होती. ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात सर्वधर्म परिषद इथेच झाली. दारातले काशाचे प्रसिद्ध सिंह नंतरचे, १८९४ चे.

या परिषदेचे एकच नाव आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते, ते स्वामी विवेकानंदांचे. आर्ट इन्स्टिट्यूटसमोरच्या रस्त्याच्या भागाला त्यांचे मानद नावही दिलेले आहे. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी ११ सप्टेंबर २०१० रोजी याच इमारतीच्या जिन्यावर त्या भाषणाचे शब्द रंगीत दिव्यांत मांडले होते. त्या स्मरणाविषयी आमची तक्रार नाही. पण त्याच व्यासपीठावर श्रीलंकेचे अनागारिक धम्मपाल होते, जपानचे झेन आचार्य सोयेन शाकू होते, मुंबईहून गेलेले जैन विद्वान वीरचंद गांधी होते. ही नावेही आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

धम्मपाल तेव्हा २९ वर्षांचे होते. बुद्धगया बौद्धांच्या हाती यावी म्हणून त्यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, महाबोधी सोसायटी स्थापन केली होती. परिषदेच्या काळातच शिकागोत त्यांनी सी. टी. स्ट्रॉस या न्यूयॉर्कच्या गृहस्थांना त्रिशरण-पंचशील दिले. अमेरिकेच्या भूमीवर विधिपूर्वक बौद्ध झालेली ही पहिली व्यक्ती मानली जाते. परतीच्या प्रवासात होनोलुलू इथे त्यांची भेट मेरी फॉस्टर यांच्याशी झाली. या बाईंनी पुढे महाबोधी सोसायटीच्या कामाला मोठी देणगी दिली. सारनाथचे मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये पूर्ण झाले, त्यात त्या दानाचा वाटा होता. आणि याच महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात १९५० मध्ये बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरचा आपला महत्त्वाचा लेख लिहिला. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूपासून आपल्यापर्यंत येणारी वाट अशी आहे.

खुले, पण कोणासाठी?

ज्या वर्षी हे धर्मबंधुत्वाचे सोहळे चालले होते, त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांना स्थान का नाही, असा रोखठोक सवाल करणारी पुस्तिका आयडा बी. वेल्स यांनी फ्रेडरिक डग्लस आणि इतरांसह काढली. गुलामीत जन्मलेल्या या पत्रकार बाईंनी झुंडींच्या हत्याकांडांविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली.

सरोवराचा काठ कागदावर सर्वांचा होता. २७ जुलै १९१९ रोजी, या रस्त्यापासून काही किलोमीटर दक्षिणेला २९ व्या रस्त्याजवळच्या किनाऱ्यावर, यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहताना गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. ती सीमा कुठे लिहिलेली नव्हती. एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती.

आपल्या वाचकांना इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावर होता. तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह लागला आणि कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला मुंबई उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल यावा लागला. दोन खंड, दोन समाज, पण पाण्याचा प्रश्न एकच.

इमारत वाचवणारे कॉलेज

या रांगेतली आमच्या मते सर्वांत बोलकी इमारत म्हणजे ऑडिटोरियम. १९४० च्या दशकात ती दिवाळखोरीत गेली होती. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी वापरली गेली आणि नाट्यगृहाच्या रंगमंचावर चेंडू घरंगळवण्याचा खेळ मांडला गेला. ती पाडली जाण्याची शक्यता खरी होती.

त्याच सुमारास शहरात आणखी एक गोष्ट घडत होती. एका कॉलेजच्या संचालक मंडळाने विद्यार्थ्यांची वंशानुसार मोजदाद मागितली. प्रवेशावर मर्यादा घालण्यासाठी ही माहिती वापरली जाईल, हे ओळखून अध्यक्ष एडवर्ड स्पार्लिंग यांनी ती द्यायला नकार दिला. १९४५ मध्ये ते बाहेर पडले, बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यांच्याबरोबर गेले आणि वंश, धर्म न पाहता प्रवेश देणारे रूझवेल्ट कॉलेज सुरू झाले. या नव्या कॉलेजने १९४६ मध्ये ऑडिटोरियम बिल्डिंग विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे वर्ग भरू लागले. जी इमारत श्रीमंत शहराचे वैभव म्हणून उभी राहिली होती, तिला ज्यांना इतरत्र दारे बंद होती त्या विद्यार्थ्यांनी जगवले. त्यांच्यातलेच एक हॅरल्ड वॉशिंग्टन. १९४९ मध्ये ते इथून पदवीधर झाले आणि १९८३ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. इमारतीतले नाट्यगृह दुरुस्त होऊन १९६७ मध्ये पुन्हा खुले झाले.

या इमारतीच्या कोपऱ्याला मिशिगन अ‍ॅव्हेन्यूला जो रस्ता मिळतो, त्याचे नाव आता आयडा बी. वेल्स ड्राइव्ह आहे. शहराने हा निर्णय २०१८ मध्ये घेतला. शिकागोच्या मध्यवर्ती भागात कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव मिळालेला हा पहिला रस्ता.

समोरच्या उद्यानालाही स्वतःचा इतिहास आहे. २८ ऑगस्ट १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शकांना पोलिसांनी याच रस्त्यावर, हॉटेलच्या दारात झोडपले आणि ते दृश्य देशभर दूरचित्रवाणीवर दिसले. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्याच ग्रँट पार्कमध्ये बराक ओबामा विजयाचे भाषण करायला उभे राहिले. मोकळी जागा असली तरच समाजाला असे एकत्र येता येते, मग ते विरोधासाठी असो की आनंदासाठी.

या गोष्टीतून काय घ्यावे

आम्हाला या रस्त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, सार्वजनिक जागेचे वचन लेखी असले पाहिजे. १८३६ च्या नकाशावर ती ओळ नसती तर वॉर्ड यांच्या पैशाचाही उपयोग झाला नसता. दुसरी, लेखी वचन स्वतःहून काम करत नाही. कोणीतरी ते हातात घेऊन वर्षानुवर्षे उभे राहावे लागते आणि चांगल्या कामाच्या नावाने येणाऱ्या अतिक्रमणालाही नाही म्हणावे लागते. तिसरी, जागा मोकळी राहिली म्हणजे ती सर्वांची झाली असे नाही. तिच्यात शिरण्याचा, बसण्याचा, बोलण्याचा, शिकण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो. वॉर्ड यांनी पहिले काम केले. दुसरे काम वेल्स यांनी, स्पार्लिंग यांनी आणि त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केले.

आपल्या वस्तीतले मैदान, विहारासमोरचे पटांगण, सभेची जागा यांची नोंद विकास आराखड्यात काय आहे, हे किती जणांनी पाहिले आहे? नगरपालिकेत जाऊन तो नकाशा पाहता येतो. ज्या जागेवर आपली मुले खेळतात आणि जयंतीला आपण जमतो, तिच्यावर कोणती ओळ लिहिली आहे, हे आधी वाचून घ्या. ओळ नसेल तर ती लिहून घ्यायची वेळ आजच आहे. जागेवर बांधकाम उभे राहिल्यावर ती वेळ निघून गेलेली असते.